साहेब दांडाच्या वाडीत जेवले

महाड,
ता. ९ फेब्रुवारी १९३५

प्रिय सयाजी,

नमस्कार, क्षेमकुशल वगैरे तू मनातल्या मनात वाचून घे. दिवसभर लोकांचे अर्ज लिहून देणाऱ्या माणसाला संध्याकाळी पुन्हा 'विनंती विशेष' लिहायचं जिवावर येतं. तू सोनजाई संस्थानचा खासगी कारभारी झाल्यापासून तुझी पत्रं दुर्मिळ झाली आहेत. पोलादपूरचा पोरगा घाट चढून गेला आणि मोठा झाला, त्याचा आम्हांला आनंदच आहे. पण आज तुझ्या मोठेपणाशी काम पडलं आहे.

काल दुपारी चंद्राबाई तान्ही मुलगी छातीशी धरून आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. माझ्या वरंधच्या चुलतभावाची ही मुलगी. तो गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे मीच. घाटमाथ्यापलीकडे तुमच्या हद्दीत दांडाची वाडी आहे, तिथल्या गोमाजीच्या मुरारीला तिला दिली आहे. पौषात तुमच्या महाराजांची शिकार होती. घरटी एक माणूस रान उठवायला गेला पाहिजे अशी रीत. तुम्ही तिला हाका म्हणता, आम्ही वेठ म्हणतो. नेमक्या त्या दिवशी चंद्राबाई अडली. मुरारी सुईण आणायला शिवथरला खाली उतरला आणि हाक्याला म्हातारा गोमाजी गेला. म्हाताऱ्याला उतारावर पळवेना, त्याच्या बाजूनं डुक्कर निसटलं, आणि महाराजांची शिकार हुकली.

बारशाआधी शिपाई येऊन मुरारीला घेऊन गेले. चौकशी नाही, शिक्षा किती ते कुणी सांगत नाही. शिकारी बंगल्याच्या रस्त्यावर तो खडी फोडतो आहे. बंगला महाराजांचा, डुक्कर महाराजांचं, रस्ताही महाराजांचाच. फक्त बायको मुरारीची होती, म्हणून तो तिच्यासाठी सुईण आणायला गेला, एवढाच त्याचा गुन्हा.

महाराजांकडे एक शब्द टाक. जास्त काही मागत नाही.

तुझा,
दत्ताराम


सोनजाई,
ता. २४ फेब्रुवारी १९३५

प्रिय दत्तू,

तुझं पत्र वाचून हसू आलं आणि मग हसू आल्याची लाज वाटली. मुरारीचं प्रकरण मला माहीत होतं, तो तुझा जावई हे माहीत नव्हतं.

महाराज तरुण आहेत, तापट आहेत, पण मनानं वाईट नाहीत. राग उतरायला वेळ लागतो. आज मी तोंड उघडलं तर राग उतरायचा तो पुन्हा चढेल. शिमगा होऊ दे. मुरारी सुखरूप आहे, त्याला दोन वेळा भाकरी मिळते, मी स्वतः विचारपूस करतो. चंद्राबाईला तेवढं सांग.

आणि एक मागणं. तुझा हात शिवशिवत असेल, तर त्याला आवर. संस्थानांवर देखरेख करणाऱ्या इंग्रज एजंटसाहेबांकडे अर्ज करू नकोस. हे आमच्या घरातलं आहे. चौदा वर्षांपूर्वी तुमच्या इंग्रज सरकारनं आमच्या डोक्यावर स्वतःचा दिवाण आणून बसवायचं ठरवलं, तेव्हा वर्तमानपत्रात कोण गरजलं होतं? 'संस्थानच्या अंतर्गत कारभारात सरकारनं लुडबूड करण्याचं कारण नाही.' वाक्य तुझंच आहे. आम्ही ते दरबारात मोठ्यानं वाचलं होतं आणि गूळ वाटला होता.

साहेब एकदा दारातून आत आला की मुरारीला सोडवून परत जात नाही रे. तो जंगल बघतो, नदी बघतो, तिजोरी बघतो. आपलं राज्य आपलं आहे, मोडकंतोडकं का होईना. ते आतूनच सुधारायला हवं आणि त्यासाठीच मी इथं बसलो आहे.

तुझा,
सयाजी


महाड,
ता. ११ एप्रिल १९३५

प्रिय सयाजी,

शिमगा झाला. पाडवाही झाला.

शिमगा होताच चंद्राबाई मुलीला आमच्या घरी ठेवून मुरारीला भेटायला गेली. उजव्या हाताची दोन बोटं त्यानं चिंधीत गुंडाळली होती. खडी फोडताना दगडाखाली सापडली, तुझं पत्र येण्याच्याही आधी. बोटं आता वाकत नाहीत. उद्या नांगराची मूठ कशी धरणार हे त्यानं तिला विचारलं, आणि तिनं मला. तू लिहिलं होतंस सुखरूप आहे. तुला माहीत नव्हतं म्हणावं तर तू कसला कारभारी, आणि माहीत होतं म्हणावं तर माझ्याच्यानं पुढे लिहवत नाही.

तेव्हा मी अर्ज केला. एजंटसाहेबांकडे, पुण्याला. मुंबईला आपल्या पुढाऱ्यांनाही लिहिलं. त्यांचं उत्तर आधी आलं आणि फार गोड आलं. मुरारीबद्दल त्यांना सहानुभूती आहे, परंतु संस्थानी प्रजेनं आपला लढा आपणच लढावा, बाहेरच्यांनी त्यात हात घालू नये असं त्यांचं धोरण आहे. पाठोपाठ साहेबांच्या कचेरीचं उत्तर आलं. तेही तेच म्हणतं, फक्त सहानुभूती वगळून. सरकार आणि सरकारशी भांडणारे यांचं एकमत झालेलं मी या जन्मी पहिल्यांदाच पाहिलं.

माझं वाक्य मला दाखवू नकोस. ते मी लिहिलं, आणि दिवाणाच्या बाबतीत ते खरंच होतं. पण तेव्हा 'घर' म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे महाराज होते. घरात मुरारीही राहतो हे मनात आलं नव्हतं. आणि तुमच्या घराचा उंबरा सरकार इतका मानतं, तर गेल्या साली आमच्याकडचे अबकारीचे शिपाई तुमच्या हद्दीत घुसून दारूच्या भट्ट्या फोडून आले, तेव्हा तो उंबरा कुठं गेला होता? महसूल बुडतो तेव्हा घाट ओलांडता येतो. बोटं चेचतात तेव्हा तो अंतर्गत कारभार होतो.

मी दुसरा अर्ज पाठवला आहे. तिसराही पाठवीन. मला दुसरं काही येत नाही.

दत्ताराम


सोनजाई,
ता. ६ मे १९३५

प्रिय दत्तू,

बोटांचं मला माहीत होतं. तुला लिहिलं असतं तर तू त्याच दिवशी अर्ज लिहायला बसला असतास, म्हणून लिहिलं नाही. तुझी शिवी मला पोचली असं समज.

तुझ्या अर्जांना फळ आलं. एजंटसाहेब पावसाआधी दौऱ्यावर येत आहेत आणि दांडाच्या वाडीत स्वतः जाऊन लोकांना विचारणार आहेत. तक्रार खरी निघाली तर सरकार काय ते बघेल, असं त्यांनी महाराजांना कळवलं आहे. पत्र आल्यापासून महाराजांचं जेवणात लक्ष नाही. मी तीस वर्षांत संस्थानचा असा घाबरलेला चेहरा पाहिला नव्हता.

दौऱ्याची सगळी व्यवस्था माझ्याकडे आहे. चंद्राबाईला त्या दिवशी वाडीत पाठव. साहेबांपुढे तिचा सासरा बोलेल, घरकर्ता तोच आहे. तुला हवं होतं तसंच होतं आहे. आता तरी स्वस्थ झोप.

सयाजी


महाड,
ता. २ जून १९३५

सयाजी,

चंद्राबाई परवा परत आली. अंगणात पाय धुताना तिनं जे सांगितलं ते तसंच लिहितो.

साहेब घोड्यावरून आले. बरोबर दुभाषा, दोन शिपाई आणि तू. तू तिच्याशी बोलला नाहीस, पण मान हलवलीस. गोमाजीच्या पडवीत घोंगडी घातली होती. वाडीतली माणसं अंगणात बसली होती, सगळ्यांना ठाऊक होतं आज काय बोलायचं ते. गोमाजी तर रात्रभर घोकत होता. आणि साहेब घोंगडीवर बसताच तू पुढे होऊन म्हणालास, 'गोमाजी, साहेब लांबून आलेत, वाडीचं काहीतरी त्यांच्यापुढे ठेव.' म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. घरात कोंबडा होता, तांदळाची भाकरी होती. साहेब आनंदानं जेवले. भाकरी मोडायची कशी ते त्यांनी विचारलं आणि अंगणात सगळे हसले.

हात धुऊन झाल्यावर साहेबांनी दुभाष्यामार्फत विचारलं, 'तुला महाराजांविरुद्ध काही तक्रार सांगायची आहे?'

गोमाजी खाली बघत म्हणाला, "नाय साहेब. आमचं बरं हाय."

साहेबांनी पुन्हा विचारलं. माणूस बहुधा वाईट नसावा. तुझा मुलगा कुठं आहे, असंही विचारलं. गोमाजी म्हणाला, "कामावर हाय." मग साहेबांनी अंगणातल्या माणसांकडे पाहिलं. घरकर्त्यानंच तोंडात गुळणी धरल्यावर बाकीचे काय बोलणार? चंद्राबाई दाराआडून पुढे यायला निघाली तेव्हा शेजारणीनं तिचा पदर ओढून धरला.

साहेब गेल्यावर तिनं सासऱ्याला विचारलं, "मामंजी, असं का वो केलंत?" तो म्हणाला, "आपल्या दारात जेवला ना गो तो. जेवलेल्या मानसाकडं मागनं मागायचं, म्हंजी भाकर इकल्यावानी झालं." त्यानंतर तो तिच्याशी बोललेला नाही, आणि तीही त्याच्याशी नाही.

सयाजी, ही रीत साहेबाला माहीत नाही. दुभाषा पुण्याचा, त्यालाही माहीत नाही. दौऱ्यावर साहेबाबरोबर त्याचा स्वयंपाकी आणि डबे असतात हे मला माहीत आहे. घाटाच्या दोन्ही अंगांना आपल्या लोकांत पाहुण्याला वाढलं की त्याच्यापुढे घरचं रडगाणं गात नाहीत, गाऱ्हाणं सांगायचं तर जेवणाआधी सांगतात नाहीतर मुळीच सांगत नाहीत, हे त्या अंगणात साहेबाबरोबर आलेल्यांपैकी एकालाच माहीत होतं. तो पोलादपूरचा आहे.

तुला एवढंच विचारतो. ते जेवण तू ठरवून घडवलंस का?

दत्ताराम


सोनजाई,
ता. २९ जून १९३५

प्रिय दत्तू,

हो.

महाराजांनी मला आदल्या दिवशी बोलावलं. म्हणाले, साहेब रिकाम्या हातानं परत गेला तर मुरारीला त्याच आठवड्यात सोडतो. देवघरात उभं राहून म्हणाले. मला वाटलं, दोन्ही साधतंय. मुरारी घरी येईल, आणि साहेबाचं पाऊल संस्थानात रुतणार नाही. तक्रार झाली असती तर चौकशी नेमली असती, तिला वर्ष गेलं असतं, आणि वर्षभर मुरारीनं खडीच फोडली असती. मी गोमाजीला धमकावलं नाही, खोटं बोलायला सांगितलं नाही. फक्त जेवायला वाढ म्हणालो. साहेब घास घेत होते तेव्हा मी म्हाताऱ्याकडे बघू शकलो नाही. पण मी मनाशी म्हटलं, आठ दिवसांत पोरगा दारात उभा राहिला की हा मला दुवा देईल.

मुरारी सुटला नाही. महाराजांना आठवण केली तर म्हणाले, 'कसली घाई आहे? लोक सुखी आहेत, साहेबांनीच लिहिलंय.' आणि खरंच लिहिलं आहे. वाडीतले लोक समाधानी दिसले, सरकारनं हात घालण्याचं कारण दिसत नाही, असा शेरा आहे. तो कागद दरबारात फिरवून दाखवतात. मला इतके दिवस वाटत होतं की महाराज माझं ऐकतात. ते माझं ऐकत नव्हते रे. घाटाखाली तुमचं सरकार बसलेलं आहे आणि ते कधीतरी वर येईल, या धाकाला ते ऐकत होते. तो धाक मी माझ्या हातानं काढून टाकला.

तरीही दत्तू, साहेबाला आत घ्यावं असं मला अजून म्हणवत नाही. आणि घेऊ नये असंही आता म्हणवत नाही. दमलो आहे. रोज दफ्तरात जातो आणि रस्त्यावरून खडीचा आवाज येतो.

चंद्राबाईला हे सांगू नकोस, अशी विनंती करणार होतो. पण तुला विनंती करायचा हक्क मी ठेवलेला नाही. तुला वाटेल तसं कर.

सयाजी


महाड,
ता. १४ सप्टेंबर १९३५

सयाजी,

तुझ्या पत्राला उत्तर लिहायला दोनदा बसलो. पहिल्या वेळी इतकं लिहिलं की माझीच मला भीती वाटली. दुसऱ्या वेळी शाई वाळली. घाटात दरड कोसळून टपाल बंद झालं तेव्हा मला बरंच वाटलं.

चंद्राबाईला मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मी म्हटलं, सासऱ्याचा दोष नाही, त्याला फसवलं गेलं. ती म्हणाली, "काका, फसवनाऱ्यानं फसवलं. पन जीभ तर त्यांचीच व्हती ना. पोटच्या पोरापरीस त्यांना रीत जड झाली." ती वर जायला तयार नाही. लावणीलाही गेली नाही. ऐकतो की म्हातारा एकटाच चिखलात राबला आणि अर्धी खाचरं पडीक राहिली. मुलगी आता बसायला लागली आहे. तिच्या बापानं तिला अजून नीट पाहिलेलंही नाही.

तिसरा अर्ज परत आला. एकदा चौकशी झाली आहे, पुन्हा होत नाही.

मी रागावलेलो नाही. रागवायला अंगात बळ लागतं. तू सरकारला दाराबाहेर ठेवायला निघालास आणि मी त्याला आत आणायला. दोघांनीही मुरारीचंच नाव घेतलं. पण वाडीत कुणाला तरी जाऊन विचारलं का, की बाबा, तुला काय हवं आहे? साहेबानं तेवढं विचारलं तरी, आणि आपण त्याचंही मातेरं केलं. सरकारनं परक्या राज्यात हात घालावा की न घालावा, हे मला आता कुणी विचारलं तर मी म्हणेन, आधी खडी कोण फोडतंय ते बघा आणि मग काय ते ठरवा. यापेक्षा शहाणं उत्तर माझ्याकडे नाही.

दसरा जवळ आला. दसऱ्यानंतर पुन्हा शिकार, पुन्हा घरटी एक माणूस. त्या घरातून या वेळी कुणाला नेणार आहात?

दत्ताराम


सोनजाई,
ता. २ ऑक्टोबर १९३५

प्रिय दत्तू,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर काल सकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसलं.

गोमाजी वाडीतून पहाटेच निघाला असावा. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरले होते. मी आत बोलावलं, आला नाही. बायकोनं पाण्याचा तांब्या आणि गूळ पुढे ठेवला. त्यानं तांब्याला हात जोडले आणि तो बाजूला सारला. म्हणाला, "वयनी, रागावू नका. तुमचं पानी प्यालो तर यांच्या तोंडावर बोलवायचं नाय. मला आज बोलायचं हाय."

आणि मग तो बोलला. आवाज चढवला नाही. सुईणीपासून सुरुवात केली. डुक्कर कुठून निसटलं ते सांगितलं, पोराला दाव्यानं बांधून नेलं ते सांगितलं, बोटांचं सांगितलं. बंगल्याच्या रस्त्यासाठी वाडीतले आणखी कोण कोण नेले आणि कुणाची शेतं पडली ते सांगितलं. मला यातलं निम्मं माहीत नव्हतं. रस्त्यावर माणसं थांबली. शिपाई आला आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. मी त्याला हाकलायला सांगितलं नाही, एवढंच माझ्या हातून झालं. शेवटी माझ्याकडे बघून गोमाजी म्हणाला, "कारभारी, तुमी मला साहेबाला वाढायला लावलंत. तुमाला ठावं व्हतं." मी म्हणालो, होतं. त्यानं मान हलवली. बास, तेवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मग त्यानं विचारलं, "साहेबाचा बंगला कुठं हाय?"

मी सांगितलं, पुण्याला आहे, लांब आहे, चौकशी मिटली आहे, साहेब तुला भेटणार नाहीत. तो म्हणाला, "त्यांनी माझ्या दारात येऊन इचारलं व्हतं. तवा मी बोललो नाय. आता त्यांच्या दारात जाऊन बोलतो. त्यांनी ऐकलं तर ऐकलं." मोटारीचं भाडं देतो म्हटलं तर तेही नको म्हणाला. भाकरी त्यानं घरून बांधून आणली आहे, चालत जाणार आहे.

रात्रभर विचार केला असं लिहिलं तर खोटं होईल. मी झोपलो. सकाळी उठलो तर तो देवळाच्या पायरीवर बसून वाट विचारत होता, आणि कुणी त्याला नीट सांगत नव्हतं. मी महाराजांना चार ओळी लिहून ठेवल्या. राजीनामा नाही, त्याला छाती लागते. प्रकृती बरी नाही, रजा हवी, एवढंच लिहिलं. रजेवरचा कारभारी कुणाबरोबर चालत गेला हे त्यांना दुपारपर्यंत कळेलच, आणि मग परत येण्याचा प्रश्न बहुधा उरणार नाही.

तेव्हा आम्ही निघतो आहोत. त्याला दुभाषा लागेल, आणि मागच्या दुभाष्याला आपल्या लोकांच्या रीती माहीत नव्हत्या. साहेब भेटतील असं मला वाटत नाही. भेटले तरी 'अंतर्गत कारभार' म्हणतील. ते शब्द मी आयुष्यभर वापरले, त्यामुळे त्यांचा उच्चार मला चांगला कळेल.

मुरारी आज सुटत नाही. याबाबत तुला खोटी आशा दाखवत नाही, एकदा दाखवली तेवढी पुरे. पण चंद्राबाईला सांग, तिचा सासरा बोलला.

तुझा,
सयाजी